आखीव नगरात राहावयास जावे काय?

पेठ वसविणे ही आपल्याकडची जुनीच विद्या आहे. मराठ्यांच्या काळातील कागदपत्रांत नव्या पेठेसाठी दिलेले कौल पुष्कळ आढळतात. कौल म्हणजे सरकारने दिलेला लेखी शब्द. अमुक जागी नवी पेठ होत आहे; उदमी, साळी, तेली यांनी तेथे यावे, दुकाने व घरे बांधावीत; पहिली काही वर्षे त्यांच्याकडून पट्टी घेतली जाणार नाही आणि पुढेही ती एकदम न घेता चढत्या क्रमाने घेतली जाईल, अशा आशयाचा तो मजकूर असे. पेठेची व्यवस्था पाहण्यासाठी शेटे व महाजन नेमले जात. या कौलात मोठे व्यवहारी शहाणपण होते. ओसाड माळावर जो पहिला येऊन राहतो त्याला गिऱ्हाईक नसते, शेजार नसतो, रात्रीबेरात्री हाक मारावयास माणूस नसतो. गाव भरले म्हणजे त्याचा लाभ सर्वांना होतो. पण गाव भरेपर्यंतचा तोटा त्या पहिल्या माणसाच्या अंगावर पडतो. जुन्या सरकारला हे कळत होते, म्हणून तो तोटा काही अंशी ते आपल्या खजिन्यातून भरून देत असे. आजच्या आखीव नगरात आपल्याला सर्व काही दाखविले जाते, रस्ते, बागा, शाळा, बाजार. परंतु हा कौल मात्र कोणी दाखवीत नाही. या विषयाकडे मी याच बाजूने पाहणार आहे.

हा विषय बुलडाणा जिल्ह्यात निघावा यालाही कारण आहे. नागपूरहून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजी. या महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या जागांजवळ नवी नगरे वसवावयाची, असे योजनेच्या आरंभापासूनच ठरले होते. सरकारी भाषेत त्यांना ‘कृषी समृद्धी केंद्रे’ असे भारदस्त नाव आहे. आपल्या जिल्ह्यात मेहकर तालुक्यातील साब्रा-काब्रा आणि सिंदखेडराजा तालुक्यातील माळ सावरगाव हे परिसर त्यासाठी पुढे आले. म्हणजे आजवर आपण नव्या नगराविषयी बोलत असू तर मुंबईचे किंवा औरंगाबादचे बोलत असू. आता ते आपल्या बांधाशी येऊ घातले आहे. त्याचप्रमाणे आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी नातलग सिडकोच्या घरांत राहावयास गेलेले आहेत. तेव्हा त्यांचा अनुभव काय सांगतो हे आधी पाहणे बरे.

आखीव नगराचा पहिला गुण असा की, तेथे घराच्या आधी गटार होते. ऐकावयास ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या गावांत काय होते ते आठवून पाहा. आधी घर होते, मग रस्ता होतो, मग त्या नव्या रस्त्याच्या मधोमध नळासाठी चर खणली जाते, आणि सांडपाणी कोणाच्या दारावरून न्यावयाचे यावरून दोन घरांत दोन पिढ्यांचा अबोला धरला जातो. नगर आधी आखले म्हणजे हा क्रम सुधारतो. मोकळी जागा मोकळीच राहते, कारण ती नकाशात मोकळी दाखविलेली असते. आपल्याकडे मोकळी जागा म्हणजे कोणीतरी अद्याप न बळकावलेली जागा. पाण्याच्या बाबतीत तर आपल्या पूर्वजांनीही हाच क्रम पाळला होता. सिंदखेडराजाचा मोती तलाव, चांदणी तलाव आणि सजना बारव ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. वस्ती मोठी करावयाची तर आधी पाणी अडविले पाहिजे, हा हिशेब त्या कामांत स्पष्ट दिसतो.

दुसरा गुण यापेक्षा मोठा आहे आणि त्याविषयी आपण फार कमी बोलतो. जुन्या गावात माणसाचे घर कोठे आहे हे कळले की त्याची जात कळते. वाडा कोठे, आळी कोठे, आणि गावकुसाबाहेर कोण, हे शतकानुशतके ठरून गेलेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना खेडे सोडून शहराकडे जाण्याचा सल्ला दिला तो याच कारणाने. आखीव नगरात घर सोडतीने मिळते. चिठ्ठीत जो क्रमांक निघेल तो शेजार. भिंतीला भिंत लागून असलेल्या चार घरांत चार जातींची, चार जिल्ह्यांची बिऱ्हाडे येतात. आणि पहिल्याच उन्हाळ्यात नळाला पाणी आले नाही म्हणजे ती चारही एका तक्रारअर्जावर सह्या करतात. पुढे लोक आपापल्या समाजाच्या, आपापल्या खात्याच्या गृहनिर्माण संस्था काढून पुन्हा वेगळे होऊ पाहतात, हेही खरे. तथापि सोडतीने एकदा मोडलेली वाट पूर्ववत बांधणे सोपे नसते. खेड्यात ज्याला आडनाव विचारले की पोटात गोळा येत असे, त्याच्या दृष्टीने या एकाच गोष्टीचे मोल बाकीच्या सर्व गैरसोयींहून अधिक ठरू शकते, आणि ते तसे ठरवावयाचा हक्क त्यालाच आहे.

आता दुसरी बाजू. त्यासाठी नवी मुंबईची हकीकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून एक कल्पना मांडली. मुंबईचे बेट उत्तर-दक्षिण लांबट. कामधंदा सारा दक्षिण टोकाला, आणि माणसे राहावयास उत्तरेला. सकाळी सर्व गाड्या भरून दक्षिणेकडे व संध्याकाळी भरून उत्तरेकडे. यावर उपाय म्हणजे खाडीपलीकडे, पूर्वेला, एक नवे शहर वसवावयाचे आणि सरकारी कचेऱ्याच तिकडे न्यावयाच्या, म्हणजे त्यांच्यामागोमाग बाकीचे आपोआप जातील. कल्पना सरकारला पटली. १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले. ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र ठरले, त्यात ९५ गावांच्या जमिनी आल्या. पैशाची युक्तीही चांगली होती. जमीन स्वस्तात घ्यावयाची, तिच्यावर रस्ते-पाणी करावयाचे, वाढलेल्या भावाने ती विकावयाची आणि त्या पैशातून पुढचे नगर उभारावयाचे. १९७३ साली वाशीजवळ ठाण्याच्या खाडीवर पूल झाला.

सर्व झाले, पण एक गोष्ट झाली नाही. सरकार स्वतः तिकडे गेले नाही. मंत्रालय होते तेथेच राहिले. उलट त्याच वर्षांत दक्षिण टोकाला नरिमन पॉइंटच्या भरावावर कचेऱ्यांच्या उंच इमारती उठल्या. लोकांना ‘पलीकडे चला’ म्हणणाराच अलीकडे बसून राहिला. याचा परिणाम कोणाला भोगावा लागला? जे पहिल्या काही वर्षांत वाशीला राहावयास गेले त्यांना. त्यांना मुंबईत कधीही मिळाली नसती अशी हवा मिळाली, दोन खोल्यांपुढे अंगण मिळाले. पण कचेरी खाडीपलीकडेच राहिली आणि रोजचा प्रवास एसटीचा किंवा बसचा झाला. रेल्वे वाशीला पोहोचली ती १९९२ साली. पूल झाला त्या वर्षी तेथल्या एखाद्या घरात जन्मलेले मूल महाविद्यालयात जाऊ लागले, तेव्हा त्याच्या दाराशी आगगाडी आली. ही एकोणीस वर्षे कोणत्याही नकाशात दाखविलेली नव्हती.

शहरात खरा जीव आला तो कचेऱ्यांनी नव्हे, बाजाराने. मुंबईतील कांदा-बटाटा, मसाला, भुसार, फळे यांचे घाऊक बाजार पुढे वाशीला हलविले गेले. त्यांच्यामागे माथाडी कामगार आले, वाहतूकदार आले, खानावळी आल्या, कोपरखैरण्यापर्यंत माथाड्यांची घरे झाली. मग रेल्वे, मग महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत केवळ महानगरपालिकेच्या हद्दीतच लोकसंख्या ११ लाखांवर गेलेली दिसते. आज नवी मुंबई फसली असे कोणीही म्हणणार नाही. पहिल्या बिऱ्हाडांच्या घरांना पुढे मोठा भाव आला हेही खरे. परंतु तो भाव म्हणजे त्या एकोणीस वर्षांचे व्याज होय, आणि सर्वांना एवढे थांबता येतेच असे नाही. मध्येच बदली झाली, घरात दुखणे आले, मुलीचे लग्न निघाले, म्हणून ज्यांनी स्वस्तात घर विकले, त्यांना हे व्याज मिळाले नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या जवळचे आहे. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे सिडकोने एन-१, एन-२ अशा अक्षर-आकड्यांच्या नावांनी वस्त्या केल्या. नावे रुक्ष आहेत. पत्ता सांगताना आजही नवखा माणूस गोंधळतो. पण तेथे घरे लवकर भरली. कारण असे की, चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आधीच शेजारी होती. सायकलवर कारखान्यात जावे आणि सायकलवर घरी यावे, इतके ते अंतर. पुढे वाळूजला कारखाने झाले. चिखली, देऊळगावराजा, मेहकर या बाजूंची जी मुले कामासाठी तिकडे गेली त्यांनी प्रथम भाड्याने खोली घेतली, मग एक लहान घर घेतले, मग गावाकडच्या भावाला बोलावून घेतले. तेथे काम आधी होते आणि घर मागाहून आले. किर्लोस्करवाडीलाही १९१० साली हेच झाले होते; लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर कारखाना काढला आणि वाडी त्याच्याभोवती वसली. आपल्या खामगावला तर कोणी आखलेही नव्हते. कापसाचा बाजार भरला, सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने आले, आणि १८७० साली केवळ त्या कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने नवी नगरे काढली, १९४६ चे स्टीव्हनेज हे त्यांतील पहिले. तेथे सर्वसाधारण धोरण असे ठेवले होते की, ज्याचा कारखाना नव्या नगरात येईल त्याच्या कामगाराला प्रथम घर द्यावयाचे. तरीदेखील तेथल्या गृहिणींना नव्या नगरात एक प्रकारची उदासी येते असे दिसून आले आणि वर्तमानपत्रांत त्याची पुष्कळ चर्चा झाली. पुरुष कामावर, मुले शाळेत, आणि आई, बहीण, मावशी सगळ्या जुन्या गल्लीत राहिलेल्या.

ही उदासी आपल्याकडे नसते असे कोणी समजू नये. आपल्याकडे तिला नाव नाही एवढेच. जुन्या गल्लीत सून बाळंत झाली तर शेजारची आजी न सांगता येऊन बसते. उसने पीठ, उसने दूध, कोणाच्या तरी अंगणात वाळत घातलेले पापड राखणे, या सर्वांची तेथे एक न बोललेली व्यवस्था असते. नवीन नगरात ती पहिल्यापासून बांधावी लागते, आणि ती बांधण्याचे काम बहुधा बायकांवर येते. वृद्धांचे तर विचारूच नका. त्यांना रुंद रस्त्याचे कौतुक नसते. पारावर बसणारी चार माणसे हवी असतात. नकाशात बाग आखता येते, पार आखता येत नाही.

घराचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. सिडकोची अल्प उत्पन्न गटाची घरे लहान होती, आणि आपली कुटुंबे लहान राहत नाहीत. मुलाचे लग्न झाले की वर एक खोली पाहिजे. नाशिकला व औरंगाबादला अशा घरांवर लोकांनी मजले चढविले, जिने बाहेरून काढले, आणि मग ते अधिकृत की अनधिकृत यावरून वर्षानुवर्षे वाद चालला. चार्ल्स कोरियांनी बेलापूरला १९८० नंतरच्या वर्षांत जी घरे आखली त्यांत दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही, ती याच विचाराने की, ज्याला वाढवावयाचे त्याने शेजाऱ्याला न दुखवता वाढवावे. असा विचार करणारे आखणारे थोडे. शिवाय सिडकोच्या योजनेत घर आपले, पण खालची जमीन भाडेपट्ट्याची. विकावयाचे किंवा नावावर करावयाचे झाले तर महामंडळाची परवानगी आणि शुल्क. आपल्या गावातील सात-बारा आणि खरेदीखत यांच्या सवयीने जो सही करतो त्याला हे पुष्कळदा मागाहून कळते.

आतापर्यंत मी राहावयास जाणाऱ्याचा विचार केला. परंतु ज्याच्या शेतावर नगर होते तोही एक प्रकारे स्थलांतरच करतो. तो जागचा हलत नाही, गाव त्याच्याखालून हलते. नवी मुंबईतील ९५ गावांच्या शेतकऱ्यांनी मोबदल्यासाठी जो लढा दिला त्याचे पुढारी दि. बा. पाटील होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण तालुक्यात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९९० साली घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचा निर्णय झाला. जमीन गेली ती १९७० नंतर, आणि हिस्सा ठरला तो वीस वर्षांनी. तोवर एक पिढी शेताविना आणि भूखंडाविना गेली. त्या जुन्या गावठाणांकडे पाहा. आखीव नगराच्या मधोमध ती बिनआखीव राहिली, आणि अरुंद बोळांत उंच इमारती उठल्या.

समृद्धी महामार्गाच्या वेळी सरकारने या अनुभवातून काही घेतले हे मान्य केले पाहिजे. २०१६ मध्ये जी भूसंचयाची योजना पुढे आली तीत जमीन देणाऱ्याला नव्या नगरातच विकसित भूखंड देण्याचे होते, जिरायतीसाठी मूळ क्षेत्राच्या २५ टक्के आणि बागायतीसाठी ३० टक्के. शिवाय दहा वर्षे दरसाल ठराविक रक्कम. हा दरसालचा पैसा म्हणजे एक प्रकारचा कौलच. नगर भरेपर्यंत तग धरण्याची ती सोय होती. परंतु शेतकऱ्यांनी बहुतांशी तो मार्ग घेतला नाही. थेट खरेदीचा रोख पैसा पसंत केला. शहाणपणाचा आव आणून त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्याने पूर्णाकाठची हकीकत ऐकली आहे तो तसे करणार नाही. नांदुरा तालुक्यातील जिगाव धरणासाठी कित्येक गावे उठवून नव्या गावठाणांत न्यावयाची ठरली. तेथेही रस्ते, गटारे, शाळा, समाजमंदिर, स्मशानभूमी अशा अठरा नागरी सुविधांची यादी असते. त्या कामाला सुरुवात होऊन एक पिढी लोटली. यादीतील सुविधा आणि प्रत्यक्षातील तारीख यांत किती अंतर पडते हे आपल्या जिल्ह्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. ज्याला तारखेची खात्री नाही तो रोकड घेतो.

एबेनेझर हॉवर्ड नावाच्या इंग्रजाने १८९८ साली उद्याननगराची कल्पना मांडली आणि १९०३ मध्ये लेचवर्थ येथे तिचा आरंभ झाला. त्याच्या कल्पनेत बागा होत्या म्हणून तिचे नाव झाले. पण तिचा गाभा बागा हा नव्हता. नगराची जमीन सर्वांच्या मालकीची असावी आणि वस्ती वाढल्याने जो भाव वाढतो तो नगराच्याच कामी यावा, हा तो गाभा. आपल्याकडे बागा उचलल्या गेल्या. साब्रा-काब्रा किंवा माळ सावरगाव येथे जे काही उभे राहील त्याच्या वाढत्या भावातला किती वाटा तेथल्या ग्रामस्थांकडे राहील, आणि किती मुंबई-पुण्याच्या गुंतवणूकदाराकडे जाईल, हा प्रश्न मेहकरच्या माणसाने आताच विचारला पाहिजे. भूखंड विकत घेऊन कुलूप लावून बसणारा मालक नगराला मारक असतो. त्याच्या रिकाम्या जागेपायी राहणाऱ्याला एक दिव्याचा खांब ओलांडून दुसऱ्यापर्यंत अंधारातून जावे लागते.

मग जावे की न जावे? माझ्या मते हे माणसागणिक निराळे आहे. ज्याची नोकरी खरोखरच त्या नगरात आहे, मुले लहान आहेत, आणि ज्याला गावात जातीमुळे मान खाली घालावी लागते, त्याने जावे, आणि लवकर जावे. ज्याची नोकरी तेथे ‘येणार आहे’ त्याने ती येईपर्यंत भाड्याने राहून पाहावे. किरकोळ दुकानदाराने पहिला जाण्याचे धाडस करू नये. त्याचे भांडवल तीन वर्षे गिऱ्हाइकावाचून टिकत नाही. फक्त महामार्गावर भरवसा ठेवून तर मुळीच जाऊ नये. समृद्धी हा बंदिस्त रस्ता आहे, तो जुन्या चिखली-मेहकर रस्त्यासारखा दुकानाच्या पायरीपाशी थांबत नाही. त्यावरून जाणारा माणूस ठराविक ठिकाणीच खाली उतरतो. घाऊक माल, कोठार, धान्य साफ करण्याचे यंत्र, सोयाबीन किंवा कापसावर काही प्रक्रिया, असा धंदा असेल तर गोष्ट वेगळी, कारण त्याला रस्त्याचे तोंड नव्हे, रस्त्याची पोहोच लागते. खामगावला आगगाडीनेही तीच दिली होती.

आणि कोणीही गेला तरी गावातील जुने घर पहिली काही वर्षे विकू नये. नवीन घराचा हप्ता आणि जुन्या घराची डागडुजी हा दुहेरी खर्च जड वाटेल. तो ज्याला झेपत नाही त्याने हप्त्याचे घरच एक खोली कमी असलेले घ्यावे. सही करण्यापूर्वी तेथे एकदा मे महिन्यात जाऊन यावे, दुपारी नळ किती वेळ चालतो ते पाहावे, आणि एकदा रात्री नऊनंतर जाऊन शेवटची एसटी किती वाजता सुटते ते स्थानकावर विचारावे. शाळेची इमारत दाखविली तर शिक्षक किती आहेत ते विचारावे; दवाखाना दाखविला तर रात्री डॉक्टर कोठे राहतात ते विचारावे. भाडेपट्टा किती वर्षांचा आणि हस्तांतराचे शुल्क किती, हे लेखी घ्यावे. तेथे आधीच राहत असलेल्या एखाद्या घरी पाणी मागावे. पाणी देता देता ती बाई जे सांगेल ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.